तिकीट पाचशे केलं म्हणून अजिंठा वाचणार नाही

गेल्या काही आठवड्यांत एकच मेसेज मला सात-आठ ग्रुपवर आला. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: "अजिंठा आपल्याकडे ४० रुपयांत बघायला मिळतो, म्हणून लोकांना त्याची किंमत नाही. परदेशात दोन-अडीच हजार मोजावे लागतात, म्हणून तिथं सगळं चकाचक असतं. सगळ्या ऐतिहासिक स्थळांचं तिकीट सरळ ५०० करा. गर्दी हटेल, टवाळखोर फिरकणार नाहीत आणि त्या पैशातून डागडुजी होईल. ज्याला खरी आवड आहे तो पैसे देईलच."

हा मेसेज पाठवणारे बहुतेक जण माझ्या ओळखीचे आहेत. गडावर गेले तर प्लास्टिकची बाटली उचलून खाली आणणारी ही माणसं. त्यांची तळमळ खरी आहे, म्हणूनच नीट उत्तर द्यावंसं वाटतं. मी शाळेत इतिहास शिकवला आणि बावीस वर्षं पोरांच्या सहली नेल्या. अजिंठा, वेरूळ, दौलताबाद, घारापुरी, रायगड. या मेसेजमधला एकेक मुद्दा मी या ठिकाणी उभा राहून पाहिला आहे.

सुरुवात "तिकीट वाढवून तर बघा" पासून.

ते वाढवून झालं आहे. २०१६ च्या सुरुवातीला आपल्या जागतिक वारसा स्थळांवर भारतीयांना १० रुपये तिकीट होतं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ते ३० झालं, आणि ऑगस्ट २०१८ मध्ये ४०. शनिवारवाड्यासारख्या दुसऱ्या गटातल्या वास्तूंचं ५ चं १५ आणि १५ चं २५ झालं. परदेशी पाहुण्यांना मोठ्या स्थळांवर २५० पडायचे, ते ५०० आणि मग ६०० झाले. म्हणजे अडीच वर्षांत कुठं चौपट, कुठं पाचपट. या वाढीच्या आधीही मी पोरांना घेऊन गेलो होतो आणि नंतरही. स्वच्छतागृहांसमोरची मुलींची रांग तेवढीच होती. माहितीफलकांवरची अक्षरं उन्हानं आणखी पुसट झालेली होती. एका ठिकाणी तर रोख पैसे घेणारी खिडकीच बंद आणि भिंतीवर क्यूआर कोड चिकटवलेला. साध्या फोनचे एक आजोबा हातात शंभराची नोट घेऊन त्या कागदासमोर उभे होते, आपलं तिकीट कुणी काढून देतंय का ते बघत. किंमत चौपट होऊन जे बदललं नाही, ते आणखी दहा-बारा पटीनं कसं बदलेल, हे मेसेज सांगत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा: त्या पैशातून डागडुजी होईल.

इथं बहुतेकांची प्रामाणिक गैरसमजूत असते. आपल्याला वाटतं, देवळाच्या दानपेटीसारखं असेल. अजिंठ्याच्या खिडकीवर पडलेला पैसा अजिंठ्याच्याच भिंतींना लागत असेल. तसं नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या स्थळांवरचं तिकिटाचं उत्पन्न केंद्राच्या एकत्रित निधीत, म्हणजे सरकारच्या सामाईक तिजोरीत जमा होतं. सर्वेक्षणाला मिळणारी रक्कम वेगळी, अर्थसंकल्पातून येते. उद्या तिकीट ५०० झालं आणि तिप्पट पैसा गोळा झाला, तरी त्यातून सतरा नंबरच्या लेण्यात एक पहारेकरी वाढेलच असं नाही. दोघांचा एकमेकांशी थेट संबंधच नाही.

शिवाय देशात केंद्राच्या संरक्षणाखाली ३,६९० च्या आसपास स्मारकं आहेत आणि तिकीट लागतं ते दीडशेहूनही कमी ठिकाणी. बाकीच्यांचं काय? २०१३ मध्ये महालेखापरीक्षकांनी, म्हणजे कॅगनं, पाहणी केली तेव्हा संरक्षित म्हणून नोंद असलेली ९२ स्मारकं जागेवर सापडलीच नव्हती. नंतर त्यांतल्या काहींचा पत्ता लागला, पण २०२२ च्या अखेरीस संसदेच्या समितीसमोर हा विषय आला तेव्हाही पन्नासेक बेपत्ताच होती. समितीच्या त्या अहवालात आणखी एक आकडा आहे, तो मी विसरू शकत नाही: सुरक्षारक्षक होते ते फक्त २४८ ठिकाणी. गरज सात हजार जणांची आणि प्रत्यक्षात दिलेले अडीच हजारांच्या थोडे वर. १९५८ च्या कायद्यात संरक्षित वास्तूची नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड आहे, किंवा दोन्ही. पण भिंतीवर बदाम कोरणाऱ्याचा हात धरायला तिथं माणूस तर हवा.

म्हणून मागणी करायचीच असेल तर ही करा: ज्या स्थळाचा पैसा, त्याचा ठरावीक वाटा त्याच स्थळाला, आणि दरवर्षी किती जमला, कशावर खर्च झाला याचा फलक प्रवेशद्वारापाशी. ते झाल्यावर तिकीट ४० चं ६० करायचं म्हणालात तर मी तुमच्या बाजूनं बोलेन.

परदेशाचं उदाहरण अर्धंच सांगितलं जातं. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये नेहमीच्या दालनांना प्रवेश फुकट आहे. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयानं २०२४ च्या जानेवारीत १७ युरोंचं तिकीट २२ केलं. त्या वर्षी तिथं ८७ लाख लोक आले. २०२५ च्या जूनमध्ये गर्दी आणि अपुरं मनुष्यबळ यांना कंटाळून तिथल्याच कर्मचाऱ्यांनी अचानक काम थांबवलं, आणि तिकीट काढून आलेले हजारो लोक काचेच्या पिरॅमिडबाहेर ताटकळत राहिले. व्हेनिसनं २०२४ मध्ये २९ दिवस, फक्त दिवसापुरत्या येणाऱ्यांकडून ५ युरो घेतले. पुढच्या वर्षी ५४ दिवस घेतले आणि उशिरा नोंदणी करणाऱ्यांना १० युरो लावले. पैसा जमला, पण गर्दी हटली नाही अशी तक्रार त्या शहरातल्याच लोकांनी केली. महाग तिकीट आणि चांगला अनुभव ही जोडी तिथंही आपोआप जुळलेली नाही.

परदेशातून घ्यायचाच तर दुसरा धडा घ्या. फ्रान्समध्ये लास्को नावाची गुहा आहे, हजारो वर्षांपूर्वीच्या चित्रांची. १९४० मध्ये ती सापडली, लोकांची रीघ लागली, आणि त्यांच्या श्वासानं, उष्णतेनं चित्रांवर हिरवं शेवाळ धरलं. त्यांनी तिकीट वाढवलं नाही. १९६३ मध्ये गुहा लोकांसाठी बंद केली आणि १९८३ मध्ये जवळच तिची हुबेहूब प्रतिकृती उघडली.

अजिंठ्याचं दुखणं याच जातीचं आहे. पहिल्या लेण्यात पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रासमोर पावसाळ्यात उभं राहा. बाहेर वाघूर नदी वाहत असते, आत हवा दमट, आणि माणसांच्या कपड्यांची ओल त्यात भर घालते. १९२० च्या सुमारास निजामानं इटलीहून तज्ज्ञ बोलावले. चित्रं टिकावीत म्हणून त्यांनी लाखेचा थर दिला, तोच पुढं पिवळा पडला आणि रंग झाकोळून गेले. त्यावर धूळ, वटवाघळं, कीटक, आणि मग आपण. यातल्या कशालाही तिकिटाचा आकडा कळत नाही. पाचशे देणाऱ्याच्या श्वासातही तेवढीच वाफ असते. तिथं खरोखर उपयोगी पडतो तो एका वेळी चाळीस जणांनाच आत सोडण्याचा नियम, मंद दिवे, आणि फ्लॅश मारणाऱ्याला थांबवणारा माणूस.

आणि लास्कोसारखा उपाय आपल्याकडे झाला होता, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. लेण्यांच्या अलीकडे, गाड्या थांबतात त्या फर्दापूरच्या टी-पॉइंटजवळ जपानी कर्जातून एक मोठं पर्यटक केंद्र बांधलं गेलं. १, २, १६ आणि १७ या चार चित्रलेण्यांच्या पूर्ण आकाराच्या प्रतिकृती त्यात होत्या. कल्पना अशी की आधी इथं निवांत, भरपूर उजेडात चित्रं समजून घ्या, मग खऱ्या लेण्यात थोडा वेळ जा. काही वर्षांतच वीज आणि पाण्याच्या थकलेल्या बिलांपायी त्याला कुलूप लागलं. मला या सगळ्या विषयात सर्वात जास्त चीड याची येते. कोट्यवधींची वास्तू उभी, उपाय हाताशी, आणि बिल भरायला कुणी नाही.

"४० रुपयांत पॉपकॉर्नसुद्धा येत नाही" असंही त्या मेसेजच्या एका आवृत्तीत आहे. खरं आहे. पण ४० रुपयांत अजिंठाही होत नाही. संभाजीनगरहून शंभरेक किलोमीटर यायचं. टी-पॉइंटला गाडी लावायची, तिथलं शुल्क भरायचं, चार किलोमीटरसाठी एसटीच्या बसचं तिकीट काढायचं, जाऊन-येऊन. मग प्रवेशाचं तिकीट. पाणी, जेवण, गुडघे दुखणाऱ्यांसाठी डोली. घारापुरीला तर गेटवेहून लाँचचंच भाडं प्रवेशशुल्काच्या कितीतरी पट. सहल महाग होत चालली आहे ती या वाटेनं, आणि त्यातला मोठा भाग वास्तूपर्यंत पोचतच नाही. आता एक घर धरा: आई, वडील, आजी, सोळा वर्षांची मुलगी आणि दहा वर्षांचा मुलगा. पंधरापर्यंतच्या मुलांना प्रवेश फुकट, म्हणून चार तिकिटं. आज १६० रुपये. मेसेजवाल्यांच्या हिशेबानं २,०००. "खरी आवड असेल तर देईलच" हे वाक्य ज्याच्या खिशात दोन हजार आहेत त्यालाच सुचतं. आवड मोजायचं माप पैसा नव्हे.

टवाळखोरांबद्दल थोडक्यात. सिंहगडावर वाहनांकडून उपद्रव शुल्क घेतात. म्हणून रविवारी घाट मोकळा असतो का, हे पुण्यातल्या कुणालाही विचारा. गडावर बाटल्या घेऊन येणारे चारचाकीतून येतात. एका रात्रीच्या बेतापुढं त्यांना पाचशे जड नाहीत. जड जातील ते गडावरची पाण्याची जुनी टाकी उपसून साफ करायला येणाऱ्यांना. दर रविवारी घमेली, फावडी, टिकाव घेऊन चढणारी पोरं मी पाहिली आहेत. कंपनीत हेल्पर, दुकानात कामाला, एसटीनं येतात, घरून भाकरी बांधून आणतात.

गर्दीचं म्हणाल तर २०२३ च्या जुलैत लोहगडाच्या दरवाजात माणसं तासन् तास अडकली, ते व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिले. चेंगराचेंगरी झाली नाही हे नशीब. त्यावर उपाय म्हणजे पायथ्याशी मोजणी, वेळेची तिकिटं, आणि आकडा भरला की फाटक बंद. पेरू देशानं माचू पिचू या आपल्या प्राचीन नगरीत रोजची मर्यादा आणि ठरलेले मार्ग आखून दिले आहेत. आपल्याकडे २०२२ च्या मे महिन्यात सिंहगडावर खाजगी गाड्या बंद करून इलेक्ट्रिक बस सुरू केल्या होत्या. कल्पना उत्तम होती. बस कमी पडल्या, लोक वर खोळंबले आणि महिनाही न होता ती सेवा थांबली. तिकीट वाढवण्यापेक्षा ती बस पुन्हा नीट सुरू करा यासाठी मेसेज फिरला असता तर मी तो स्वतः पन्नास जणांना पाठवला असता. २०२५ च्या जुलैत शिवरायांच्या गडांना जागतिक वारशाचा मान मिळाला, बारा किल्ले. गर्दी आता आणखी वाढणार आहे, आणि ही तजवीज तिथं पहिल्या दिवसापासून हवी.

एक प्रसंग सांगतो, मग थांबतो. माझ्या शेवटच्या सहलीला, तिकीट ४० झाल्यानंतरची गोष्ट. खिडकीजवळ एक बाई मुलीला म्हणत होती, "मी हितंच बसते गं झाडाखाली, तू ये जाऊन." लुगड्याच्या कनवटीची पुरचुंडी तिनं सोडली होती, परतीच्या भाड्याचे पैसे बाजूला काढले होते आणि उरलेले मोजत होती. मुलगी ऐकेना. शेवटी दोघींची दोन तिकिटं निघाली.

सतरा नंबरच्या लेण्यात त्या आमच्या मागंच उभ्या होत्या. मी पोरांना मातृपोषक जातक, म्हणजे बुद्धाच्या आधीच्या जन्माची एक गोष्ट, सांगत होतो: आंधळ्या आईला सांभाळणारा पांढरा हत्ती, राजाची माणसं त्याला पकडून नेतात, आणि राजवाड्यात तो अन्नाला सोंड लावत नाही. राजा कारण विचारतो, आणि कळल्यावर त्याला सोडून देतो. गोष्ट संपली, पोरं पुढं सरकली. बाई तिथंच थांबली होती, मान वर करून. मुलीनं हात ओढला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "थांब की. भेटली का त्याला आई, ते बघू दे."