गालिच्याला पाणी पाजण्याआधी

सोफा आणि गालिचे धुऊन देण्याचा छोटा धंदा काढायचा म्हटलं, की गिऱ्हाईक मिळण्याआधी दुकानदार भेटतो. तो पाणी फवारून परत ओढणाऱ्या यंत्राचा डेमो देतो. डेमोत नेहमी प्रेशर दाखवतात. ट्रिगर दाबला, फवारा सुटला, "साहेब, शंभर पीएसआय!" म्हणजे साधारण ७ बार. बघणारा खूश. अहो, पण सोफा धुवायचाय की आग विझवायचीये? सोफ्याला २ ते ४ बार पुष्कळ झाले. त्याहून जास्त जोराने मारलेलं पाणी कापडात थांबत नाही, थेट फोममध्ये जाऊन बसतं, आणि आत बसलेलं पाणी पाहुण्यासारखं असतं, स्वतःहून उठत नाही.

पाणी घालायची अक्कल नळालाही असते. या धंद्यात पैसे मोजायचे ते पाणी परत ओढणाऱ्याचे. तेव्हा दुकानात पहिला प्रश्न प्रेशरचा नको, ओढीचा विचारा: "वॉटर लिफ्ट किती?" म्हणजे बंद नळीतून मोटर पाणी किती उंच खेचते. २२०० मिलिमीटरच्या आसपास आकडा सांगितला तर पुढे बोलावं. "लय पावरफुल हाय" असं उत्तर आलं तर चहा पिऊन निघावं. दुसरा आकडा हवेच्या प्रवाहाचा. नुसती ओढ असून भागत नाही. सुटलेलं पाणी नळीतून वाहून न्यायला हवाही लागते.

ओढून साफ करायचं, ही कल्पनाच कुणाला सुचायला वेळ लागला. १९०१ साली लंडनमध्ये ह्युबर्ट सेसिल बूथ या इंजिनियरने हॉटेलातल्या खुर्चीच्या गादीवर रुमाल ठेवला, त्याला तोंड लावलं आणि जोरात श्वास ओढला. ठसका लागला, रुमालाच्या खालच्या बाजूला काळा डाग दिसला, आणि सिद्धांत सिद्ध झाला. नंतर त्याने केलेलं यंत्र इतकं मोठं होतं की घोडागाडीवर रस्त्यात उभं करून नळ्या खिडकीतून आत सोडायचे. पुण्यात हे चाललं नसतं. घोड्याला पार्किंग कोण देणार?

आपलं यंत्र लिफ्टमधून न्यायचंय. म्हणून टाकीचा हिशेब. २० लिटरची टाकी भरली की २० किलो वाढले, वर यंत्राचं स्वतःचं वजन. लिफ्ट बंद आणि घर तिसऱ्या मजल्यावर, हा योग पंचांगात नसला तरी नेमका येतो. घरगुती कामाला १० लिटर बरी. दोन फेऱ्या जास्त होतील, पण कंबर शाबूत राहील.

मग प्लग. भिंतीवरचा छोटा प्लग ६ अँपिअरचा. ६ गुणिले २३० म्हणजे १३८० वॉट. १२५० वॉटची मोटर त्यावर निभावते. त्यातच पाणी तापवणारा हीटर असला की १५ अँपिअरचा प्लग लागतो. तो असतो गीझरला नाहीतर एसीला, आणि सोफा हॉलमध्ये. तेव्हा २.५ चौरस मिलिमीटर तारेची लांब एक्स्टेन्शन सोबत ठेवा आणि वापरताना ती गुंडाळीतून पूर्ण सोडा. गुंडाळलेली तार तापते. गिऱ्हाईकाची दिवाळीच्या माळेची एक्स्टेन्शन घेऊ नये, कितीही प्रेमाने दिली तरी.

मोटर 'बायपास' प्रकारचीच हवी. तिला थंड करणारी हवा वेगळ्या वाटेने येते. साध्या व्हॅक्यूम क्लीनरची मोटर ओढलेल्या हवेनेच गार होते. त्याने पाणी ओढलंत की ती कायमची गार होते.

फेसाचं प्रकरण याहून चिवट. आपल्याकडे फेस म्हणजे स्वच्छता हे समीकरण पक्कं. म्हणून नवा माणूस टाकीत शाम्पू ओततो. घाण पाण्याच्या टाकीत पाणी भरलं की तरंगणारा चेंडू वर येऊन वाट बंद करतो, पण फेस त्या चेंडूला जुमानत नाही. तो बाजूने सरकतो आणि मोटरीत शिरतो. शिवाय कापडात राहिलेला साबण चिकट असतो. पंधरा दिवसांत सोफा आधीपेक्षा मळका दिसतो आणि फोन तुम्हालाच येतो. साबण वेगळ्या फवाऱ्याने कापडावर मारा, दहा मिनिटं मुरू द्या, ब्रशने घासा. टाकीत नुसतं पाणी. एकदा फवारत ओढायचं आणि त्याच पट्ट्यावर दोनदा कोरडं ओढायचं. या दोन कोरड्या हातांचा सगळ्यांना कंटाळा येतो, आणि सोफा सुकतो तो त्यांच्यामुळेच. या सगळ्याआधी कोरडी धूळ काढायची, हे सांगायला नको. पण सांगावं लागतं. धुळीवर पाणी मारलं की त्याला चिखल म्हणतात.

टँकरचं किंवा बोअरचं पाणी असेल तर नोझलमध्ये क्षार बसतात आणि फवारा एका कुशीवर पडतो. तिथे सेफ्टी पिन घालू नका, भोक कायमचं वाकडं होतं. कोमट पाण्यात लिंबूफूल विरघळवून त्यात नोझल भिजत टाका. यंत्र घेतानाच सुटी नोझल, ओ-रिंग (सांध्यातली रबरी कडी) आणि पंप याच शहरात मिळतात का, हे विचारून घ्या.

सिंगल डिस्क, म्हणजे खाली एकच गोल ब्रश फिरवणारं घासणीचं यंत्र, हे १७ इंची, ३५-४० किलोचं धूड. ऑफिसच्या कार्पेटला छान. दांडा जरा उचलला की उजवीकडे जातं, जरा दाबला की डावीकडे. ताकदीने ओढणाऱ्याला ते फिरवून भिंतीपर्यंत नेऊन सोडतं. विणलेल्या लोकरी गालिच्यावर ते चालवू नये.

आणि गालिचा कसला आहे, हे मालकाला विचारू नये. उत्तर ठरलेलं: "प्युअर सिल्क, भदोहीवरून आणलाय." उलटा करून बघा. मागे गाठी दिसल्या तर हातविणीचा. कापड चिकटवलेलं असेल तर आत लॅटेक्सचा, म्हणजे रबरी गोंदाचा, थर आहे, जास्त भिजला तर पापुद्रे सुटतील. मग रोव्यातला, म्हणजे वरच्या लवेतला, एक धागा काढून जाळा (झालरीतला नको, ती बहुतेकदा सुती असते). जळक्या केसांचा वास आला तर लोकर किंवा रेशीम. वितळून कडक मणी झाला तर पॉलिएस्टर किंवा तसलाच कृत्रिम धागा, निर्धास्त धुवा. कागदासारखा जळला आणि गालिचा 'बांबू सिल्क' म्हणून घेतलेला असेल, तर तो व्हिस्कोस, म्हणजे रेयॉनचा धागा. त्याला पाणी लागलं की रोवा बसतो आणि पिवळा पडतो. तिथे सर्वोत्तम उपकरण म्हणजे नम्र नकार.

उरलेल्या पैशात सुकवणीचा ब्लोअर घ्या, गोगलगायीच्या आकाराचा. जुलैत मुंबई-कोकणात पंख्याच्या भरवशावर सोडलेला गालिचा दुसऱ्या दिवशी ओल्या गोणपाटासारखा वास मारतो. सोफ्याच्या लोखंडी पायांखाली प्लॅस्टिकचे तुकडे सरकवा, नाहीतर गंजाचे चार गोल डाग तुमच्या नावावर.

घाण पाण्याच्या टाकीचं झाकण मात्र पारदर्शक बघून घ्या. आतलं काळं पाणी पाहिल्याशिवाय पैसे देताना हात सैल होत नाही. आणि काम सुरू करण्याआधी ती टाकी धुतलेली, रिकामी, घरच्यांना समोर आणून दाखवा. नाहीतर शेवटी झाकणातून डोकावून आजी हमखास म्हणतात, "हे आमच्याकडचं नाही हो, मागच्या घरचं असेल."