म्युझियमला जाताना बरोबर इंजिनिअर नसावा

परदेशात गेल्यावर मॉडर्न आर्टच्या म्युझियममध्ये जावंच लागतं. मनापासून कुणाला जायचं असतं असं नाही. पण परत आल्यावर "लंडनला गेलात आणि टेट मॉडर्न नाही पाहिलंत?" असं विचारणारा एक जण दबा धरून बसलेलाच असतो. शिवाय टेटचा कायमचा संग्रह बघायला तिकीट नाही. हे ग्रुपमध्ये आधीच सांगून ठेवा. फुकट म्हटलं की कलेची ओढ आपोआप लागते.

पथ्य एकच: बरोबर सिव्हिल इंजिनिअर घेऊ नका. आम्ही घेतला.

तो टेटसमोर थेम्स ओलांडणाऱ्या मिलेनियम ब्रिजवरच अडकला. जून २००० मध्ये हा पूल खुला झाला आणि चालणाऱ्यांच्या पावलांनी असा डुलायला लागला की दोन दिवसांत बंद करावा लागला. हेलकावे शोषणारे डॅम्पर बसवून पुन्हा उघडायला २००२ उजाडलं. पूल जरा हलला की माणसं तोल सावरायला नकळत एका तालात पावलं टाकतात, त्यानं तो आणखी हलतो, हे त्यानं स्वतः डुलून दाखवलं. मागे सेंट पॉलचा घुमट, पुढे टेटची उंच चिमणी, आणि आमच्या प्रत्येक फोटोत त्याचा एक हात.

ही इमारत पूर्वी वीजकेंद्र होती. आत शिरलात की टर्बाइन हॉल. इथं मान वर करून नुसतं "स्केल!" म्हणायचं आणि पुढे सटकायचं. आमचा इंजिनिअर खाली बघत होता. २००७ साली कोलंबियाच्या डोरिस साल्सेदो या कलावतीनं इथल्या जमिनीला १६७ मीटर लांबीची भेग पाडली होती. वंशभेद माणसामाणसांत पाडतो, तशी. प्रदर्शन संपल्यावर ती बुजवली, पण व्रण अजून दिसतो. हा उकिडवा बसला, त्या रेघेवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "भरलीय नीट. पण दिसेल अशीच ठेवलीय." आम्ही म्हटलं, "ऊठ रे, लोक बघतायत."

आता मुद्द्याचं. कलाकृतीसमोर उभं कसं राहायचं? दोन पावलं मागे, हात पाठीशी, मान किंचित तिरकी. आधी पाटी वाचायची, मग चित्राकडे ओझरतं बघून पुन्हा पाटी वाचायची. पाटीवर 'शीर्षक नाही' असं असेल तर फारच उत्तम, मान आणखी तिरकी करता येते. बोलायला तीन शब्द पुरतात: ताण, अवकाश आणि पोत. "इथे रेषेपेक्षा अवकाश जास्त बोलतो" हे वाक्य कोऱ्या भिंतीलाही चालतं. मी चालवलंय.

"हे तर माझं पोरगंही काढेल" असं कुणीतरी म्हणणारच. ते तुम्ही म्हणू नका. पहिल्या दहा मिनिटांत दुसऱ्याकडून वदवून घ्या, म्हणजे दिवसभर "अरे, तसं नसतं ते" म्हणायची सोय होते. कसं असतं, ते कुणी विचारत नाही.

द्यूशाँ या फ्रेंच कलावंतानं कलाकृती म्हणून मांडलेलं मुतारीचं भांडं दिसलं की हसायचं नाही. हसला तो गेला. "मूळ भांडं १९१७ चं, ते हरवलं. हे १९६४ च्या प्रतिकृतींपैकी," एवढं हळू आवाजात सांगायचं आणि जराशी खंत चेहऱ्यावर आणायची. भांडं हरवल्याची खंत एरवी आयुष्यात कधी करायला मिळणार?

ग्रुपचा हिशेबनीस कंटाळला असेल तर त्याला मान्झोनीची गोष्ट सांगा. या इटालियन कलावंतानं १९६१ साली ९० डबे सील केले. प्रत्येकावर लिहिलं की आत कलावंताची विष्ठा आहे, निव्वळ वजन ३० ग्रॅम. आणि किंमत लावली तेवढ्याच वजनाच्या सोन्याच्या भावानं. त्यातला एक डबा टेटनं विकत घेतलाय. आमच्या हिशेबनिसानं तिथल्या तिथे फोन काढला, तीस ग्रॅमचा आजचा भाव काढला आणि बराच वेळ गप्प राहिला. कलेबद्दलचा आदर म्हणतात तो हाच असावा.

नशीब असेल तर कार्ल आंद्रे या अमेरिकन शिल्पकाराच्या विटा मांडलेल्या सापडतील. १२० भट्टीच्या विटा, साठ-साठचे दोन थर. टेटनं त्या १९७२ साली घेतल्या, आणि चार वर्षांनी वर्तमानपत्रांना त्याचा पत्ता लागल्यावर इंग्लंडभर गहजब झाला. एकानं तर त्यांवर निळा रंग ओतला. इंजिनिअर बरोबर असेल तर विटांची चौकशीही करू नका. माल न लावता त्या सरळ कशा राहिल्या, इथून सुरुवात होते. आणि त्याला हात लावू देऊ नका. २०१८ साली पोर्तुगालमधल्या पोर्तोत शिल्पकार अनीश कपूरच्या एका कलाकृतीत जमिनीवर काळं वर्तुळ होतं. ते नुसतं रंगवलेलं वाटायचं, पण खरोखरच खड्डा होता. एक प्रेक्षक त्यात आठ फूट खाली पडला. खात्री करून घेण्याची सवय अशी महागात पडते.

तुम्हाला एखादं चित्र उलटं टांगलेलं वाटलं, तर गप्प बसा. न्यूयॉर्कच्या मोमा या मॉडर्न आर्टच्या म्युझियममध्ये १९६१ साली फ्रेंच चित्रकार मातीसचं होडीचं चित्र ४७ दिवस उलटं होतं. होडीचं शीड खाली आणि त्याचं पाण्यातलं प्रतिबिंब वर. लाखावर माणसं समोरून गेली, सगळ्यांनी माना तिरक्या केल्या असणार, पण कुणाच्या लक्षात आलं नाही. आलं ते शेअरबाजारात काम करणाऱ्या एका बाईंच्या. त्यांनी पहारेकऱ्याला सांगितलं, त्यानं दाद दिली नाही. शेवटी वर्तमानपत्राला कळवावं लागलं. सुट्टीवर आलेल्या माणसानं एवढी दगदग कशाला करावी?

शेवटी अमेरिकन चित्रकार रॉथ्को. मंद उजेडाची खोली, किरमिजी आणि काळपट रंगांची भलीमोठी चित्रं. ती त्यानं न्यूयॉर्कच्या एका महागड्या रेस्टॉरंटसाठी काढली होती. तिथे एकदा जेवून आल्यावर त्यानं घेतलेले पैसे परत केले. त्यातली काही पुढे टेटला दिली. १९७० च्या फेब्रुवारीत ती लंडनला पोचली त्याच दिवशी तो आपल्या स्टुडिओत मृतावस्थेत सापडला. ही माहिती खालच्या आवाजात द्यायची, एक फोटो काढायचा आणि निघायचं. तीन मिनिटं खूप झाली.

आमचा इंजिनिअर तिथल्या बाकावर बसला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. आम्ही दुसऱ्या दोन दालनांत ताण आणि पोत आटपून आलो, तरी हा तिथंच. मांडीवर दोन्ही हात, मान सरळ. मान इतकी सरळ ठेवून कुणी कला बघतं का?

"काय बघतोयस एवढं?"

"आधी खिडक्या वाटल्या," तो म्हणाला. "मग वाटलं, बंद आहेत. आता काही वाटत नाहीये. थांबा जरा."

बघा. अवकाश नाही, ताण नाही, पोताचं तर नावच नको. असल्या माणसापुढे आपण दिवसभर कमावलेलं सगळं वाया जातं.

आम्ही त्याला तिथंच सोडून कॅफेत गेलो. केक संपला, कॉफी संपली, हिशेबनिसानं माणशी वाटणी काढली. न आलेल्या माणसाला वाटणीत धरायचं की नाही, यावर चांगली पंधरा मिनिटं हुज्जत झाली. तरी तो खाली आला नव्हता.