दोर लावायला दीड तास का लागला

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री मुलीने वाचून दाखवला. आधी माफी मागतो. तुमच्या गुलमोहराच्या फांद्या छाटायला साडेआठची वेळ देऊन आम्ही पावणेदहाला पोचलो आणि मधल्या वेळात तुम्हाला एक फोनसुद्धा केला नाही. चूक माझी आहे. मागच्या दारातली मोगऱ्याची कुंडी आमच्याच माणसाच्या हातून फुटली, ती भरून देतो. गवतात भुसा राहिला तेही खरं आहे, दुसऱ्या दिवशी अंधार पडत आला होता आणि पोरांनी झाडू उरकता घेतला.

पण पुढे तुम्ही जे लिहिलंय त्याचं उत्तर द्यायलाच हवं. पावसाआधीच्या या दोन महिन्यांवर आमच्या पाच घरांचं वर्ष निघतं, आणि लोक आता आधी रिव्ह्यू वाचतात, मग फोन लावतात. तुम्ही लिहिलंय, “चार माणसं दीड तास नुसत्या दोऱ्या फेकत बसली होती. चढणारा पोरगा घाबरट निघाला. आमच्या गावचा पाडेली पायात दोरी अडकवून पाच मिनिटांत माडावर जातो. साडेसोळा हजार कशाचे घेतले?”

पाडेल्याचं आधी सांगतो. त्या लोकांबद्दल मला फार आदर आहे, त्यांचं काम मला जमणार नाही. पण माड म्हणजे एक सरळ खोड. पाडेली खोडाला धरून चढतो, शेंड्याशी बसतो, कोयत्याने घड तोडतो, घड खाली पडतो. त्याला आडव्या फांदीवर बारा फूट बाहेर चालत जाऊन, हातात चालू चेनसॉ धरून, स्वयंपाकघराच्या कौलांवर लोंबणारं लाकूड कापायचं नसतं. तुमचा गुलमोहर आम्हाला तेच करायला सांगत होता.

आता त्या दीड तासाबद्दल. तुम्ही बराच वेळ आत कामात होता, म्हणून जे तुम्हाला दिसलं नाही ते सांगतो.

आल्या आल्या मी झाडाभोवती दोन फेऱ्या मारल्या. बुंध्याशी, पाण्याच्या टाकीच्या बाजूला, तळहाताएवढ्या दोन तपकिरी अळंब्या होत्या. गुलमोहराला अशी अळंबी दिसली की मुळाशी कूज धरली आहे असं आम्ही समजतो. वरून झाड हिरवंगार असतं, फुलांनी लाल झालेलं असतं, आणि आतून लाकूड भुसभुशीत होत गेलेलं असतं. त्यात गुलमोहराचं लाकूड मुळातच ठिसूळ. पुण्यात दर पावसाळ्यात जी झाडं मोडून पडतात त्यांत गुलमोहर किती असतात ते तुम्हीही बघत असाल. मी लाकडी हातोड्याने खोड ठोकत वर गेलो. छातीच्या उंचीपर्यंत आवाज भरीव येत होता, म्हणून चढायचं ठरवलं. एका बाजूने पोकळ आला असता तर मी कोणालाच चढवलं नसतं, क्रेनची गाडी मागवली असती आणि तुमचा खर्च दुप्पट झाला असता.

मग दोर. तुम्हाला फेकाफेक वाटली ती अशी असते. बारीक गुळगुळीत दोरीच्या टोकाला पाव किलोच्या वर वजनाची वाळूची पिशवी बांधायची आणि ती हव्या त्याच बेचक्यातून पार करायची. चार वेळा ती भलत्याच फांदीत गेली. पाचव्यांदा पंचवीस फुटांवरच्या बेचक्यातून निघाली. तिच्या मागून चढायचा जाड दोर ओढून घेतला. आणि चढायच्या आधी मी आणि टेम्पोवाला, दोघं मिळून त्या दोराला लोंबकळलो. हे आम्ही प्रत्येक झाडावर करतो. एका माणसाचं वजन घ्यायच्या फांदीने आधी जमिनीवरून दोघांचं घेऊन दाखवायचं.

त्या वेळी वरून ‘कट्’ असा आवाज आला आणि सालीचा चुरा माझ्या तोंडावर पडला. दुर्बिणीने बघितलं तर बेचक्यात उभी चीर होती, पावसाचं पाणी मुरून आत काळी पडलेली. खालून नुसत्या डोळ्यांना ती दिसतच नव्हती. पोरगा म्हणाला, “मामा, मी यावर जात नाही.” मीही त्याला जाऊ दिलं नसतं. तो दोर काढला आणि खोडाजवळच्या दुसऱ्या बेचक्यासाठी पिशवी पहिल्यापासून फेकायला घेतली. तुमच्या दीड तासातला पाऊण तास इथे गेला.

सर, त्या पोराला तुम्ही सगळ्यांसमोर घाबरट म्हणालात आणि तेच इथे लिहिलंत. हे मला लागलं. तो तेवीस वर्षांचा आहे, सहा वर्षं माझ्याकडे आहे, आणि शंका आली की थांबायचं हे त्याला मी शिकवलंय. का शिकवलंय तेही सांगतो. 2008 साली मी दुसऱ्याच्या हाताखाली काम करायचो. मुळशीकडे एका आंब्यावर कमरेला सुती दोर बांधून चढलो होतो. दोर तुटला नाही. ज्या फांदीला बांधला होता ती फांदी मोडली. पंधरा फुटांवरून पडलो, टाच आणि एक मणका गेला, आठ महिने घरी बसून होतो. आजही टाच दुखायला लागली की मला पाऊस येणार ते कळतं. तेव्हापासून दोर कितीही भारी असला तरी आधी फांदी तपासायची, हा माझा नियम आहे.

आणि दोर भारी आहेच. साडेअकरा मिलिमीटरचा, आत गाभा आणि वर विणलेलं आवरण असलेला, दोन टनांहून जास्त ताण घेणारा. कमरेला फास नाही, मांड्या आणि कंबर मिळून वजन घेणारा हार्नेस. कॅरॅबिनर, म्हणजे दोर अडकवायच्या कड्या, आपोआप बंद होऊन लॉक होणारे. करवत चालवताना पोरगा दोन ठिकाणी बांधलेला असतो, वरच्या दोराने आणि कमरेजवळच्या आखूड पट्ट्याने. त्या पट्ट्यात पोलादी तार असते, म्हणजे चेन घसरून त्यावर गेली तरी एका झटक्यात तुटू नये.

तुम्ही त्या दिवशी विचारलं होतंत की परदेशातल्या व्हिडिओत दाखवतात तसे बुटांना लोखंडी काटे लावून भराभर का चढत नाही. ते काटे आम्ही तोडायच्या झाडालाच लावतो. जे झाड ठेवायचंय त्याच्या सालीला प्रत्येक पावलाला एक भोक पडतं आणि तिथून कीड शिरते. तुम्हाला झाड ठेवायचं होतं, वहिनींनी तर ते दोनदा बजावून सांगितलं होतं.

कौलांवरच्या त्या फांदीचंही सांगतो, कारण रिव्ह्यूत तिचा उल्लेखच नाही. एक फूट जाडीचं दहा फूट ओलं लाकूड सहज दीडशे किलो भरतं. पहिला काप खालून, अर्धवट. नाहीतर फांदी मोडताना खोडाची साल सोलत खाली येते. दुसरा काप वरून, थोडा पुढे. तुटलेला भाग हवेत दोराला लटकतो, खाली बुंध्याला बांधलेल्या लोखंडी नळकांड्यावर दोराचे तीन वेढे असतात आणि एकच माणूस ते सैल करत लाकूड हळूहळू उतरवतो. तिसरा काप उरलेल्या खुंटाला, फांदी खोडाला मिळते तिथली फुगीर वळी राखून, म्हणजे जखम झाडाला स्वतः भरता येते. अशा सात फांद्या उतरवल्या. तुमचं एकही कौल हललं नाही. मात्र आम्ही आखलेल्या दोरीच्या आत तुम्ही फोनवर बोलत दोनदा आलात, आणि दोन्ही वेळा पोराने वर करवत बंद करून तुम्ही बाहेर जाईपर्यंत वाट बघितली. दुसरा दिवस लागला त्यात हेही थोडं धरा.

पैशांचं थोडक्यात. चार माणसं दोन दिवस, टेम्पोच्या तीन खेपा, परवानगीच्या चकरा. 1975 च्या झाडं जपायच्या कायद्याने शहरात झाड तोडायला परवानगी लागते, आणि मी मोठी छाटणीही कागद हातात आल्याशिवाय करत नाही. आकडा आधी लिहून दिला होता, त्यावर एक रुपया वाढवला नाही.

यापुढे उशीर होणार असेल तर फोन करायचं सगळ्यांना सांगितलंय. साफसफाईकडेही जरा जास्त लक्ष देऊ. दोर लावायला वेळ का लागतो हे गिऱ्हाइकाला आधीच सांगायला हवं, तेही यापुढे बघतो.

वहिनींनी दोन्ही दिवस सगळ्यांना चहा-पोहे दिले, त्याबद्दल आभार सांगा. तारे दोनच राहू द्या, उशिराचे ते माझे आहेत. तेवढा ‘घाबरट’ शब्द काढता आला तर बघा. पोराने तो वाचलाय, आणि त्याच्या गावाकडच्यांनीही.

मोगऱ्याची कुंडी घेऊन शनिवारी सकाळी येतो, तेव्हा गवतातला भुसाही काढून नेतो. आणि बुंध्याजवळचं पाणी तुंबू देऊ नका, टाकीचा पाइप गळतोय तो आधी दुरुस्त करून घ्या, कूज तिथूनच वाढतेय. निघायच्या आधी फोन करतो.