हे-ऑन-वाय हा वेगळा देश नाही, आणि तिथली पुस्तकं फुकटही नाहीत

'वेल्समधलं हे-ऑन-वाय हा स्वतंत्र देश आहे, त्याला राजा आहे आणि तिथे पुस्तकं फुकट मिळतात' असा मेसेज व्हॉट्सॲपवर फिरतोय. आमच्या घरच्या ग्रुपवर तर काकांनी तो दोनदा टाकला.

राजाची गोष्ट निम्मी खरी. हे-ऑन-वाय हे जुन्या पुस्तकांच्या दुकानांसाठी ओळखलं जाणारं गाव. तिथले पुस्तकांचे व्यापारी रिचर्ड बूथ यांनी १ एप्रिल १९७७ रोजी गाव 'स्वतंत्र' झाल्याचं आणि आपण त्याचे राजे असल्याचं जाहीर केलं. तारीख बघा! राजदंड आणि राजगोल (राजाने हातात धरायचा गोळा) म्हणून त्यांच्या हातात होतं ते संडासाच्या टाकीतला तरंगता गोळा आणि तांब्याची नळी यांतून जुळवलेलं सामान. पंतप्रधानपद घोड्याला दिलं. त्या थट्टेला जगभर प्रसिद्धी मिळाली आणि गिऱ्हाईक वाढलं, पण कायद्याने काहीच बदललं नाही. गाव वेल्सच्या पोविस परगण्यात होतं, आजही तिथेच आहे.

पुस्तकं विकतच घ्यावी लागतात. गावातल्या किल्ल्याच्या आवारात उघड्यावरच्या फळ्यांजवळ विक्रेता नसायचा, पुस्तक उचलायचं आणि पैसे पेटीत टाकायचे. 'फुकट'चा घोळ बहुधा तिथूनच झाला असावा.

बूथ २०१९ मध्ये वारले. गावात १९८८ पासून भरणारा साहित्य महोत्सव त्यांनी सुरू केलेला नव्हे, तो पीटर फ्लॉरेन्स आणि त्यांच्या आईवडिलांचा.

पाचगणीजवळच्या भिलारला २०१७ मध्ये 'पुस्तकांचं गाव' झालं, ते याच गावावरून सुचलेलं. पण भिलारमध्ये घराघरांत बसून वाचायचं असतं, हे-ऑन-वायमध्ये दुकानदारी चालते.