आरोग्याचा डेटा खुला करायचा हाये? मंग हे वाचा

अभिनंदन साहेब, आरोग्याची माहिती जनतेसाठी खुली करायचं काम तुमच्याकडे आलं म्हणे. टेन्शन नका घेऊ, देशाचं डेटा धोरण 2012 चं आहे, सरकारी आकड्यांची वेबसाइट डेटा डॉट गव्ह डॉट इन पण तेव्हाचीच, इतक्या वर्षांत आमच्या गावात त्यानं कोणाची झोप उडाली नाही, तुमचीही नाही उडणार.

सुरुवात पीडीएफनं करा, स्कॅन केलेलं, जरासं तिरपं. कोणी एक्सेल मागितलं तर चहा पाजा.

मग सरासरी. लय कामाची चीज आहे ही, आकडे जिल्ह्याचेच द्यायचे, गावाचं नाव काढायचं नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात अमरावती जिल्हा सापडते, आता त्यात मेळघाटातल्या धारणी-चिखलदऱ्यातलं कमी वजनाचं पोरगं शोधून दाखवा बरं! शहरातल्या गुटगुटीत लेकरांमागं ते असं लपते का पत्ताच लागत नाही. मेळघाटातून कोणी विचारायला आलंच तर सांगा, बाई, जिल्हा सुधरून राहिला.

माहिती गोळा करायला आशाताई आहेच, घरोघरी फिरते, रजिस्टरात लिहिते, तेच मोबाईलमध्ये भरते, रेंज गेली का पुन्हा भरते. तिनं भरलेला आकडा तिला परत दाखवू नका, तिला समजलं म्हणजे गावाला समजलं. (तिचे पैसे किती महिन्यांचे लटकले तो डेटा कोणत्या पोर्टलवर हाये, हे मात्र मलाही सांगा.)

आणि लोकांना काय पायजे ते चुकूनही टाकू नका, सापाचं इंजेक्शन आज प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे का, डॉक्टर रात्री राहते का, असले फालतू प्रश्न. त्यापेक्षा पाय चार्ट द्या. रंगीत.

भिंतीपासून मात्र दूर राहा साहेब. 2007 मध्ये अमरावती धरून पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली, तेव्हा गावकऱ्यांनीच आरोग्यसेवेला हिरवा, पिवळा, लाल असे शेरे दिले, तक्ते गावात लावले, अन् जनसुनवाईत माईक घेऊन अधिकाऱ्यांना विचारलं, आमचं गाव लाल काऊन? ना लॉगिन, ना ओटीपी, अंगठा लावणाऱ्या आजीलेही समजलं, म्हणजे केवढी रिस्क!

म्हणून उपकेंद्राची भिंत रंगवायला काढली तर लाल रंग कुटुंब नियोजनाच्या उलट्या त्रिकोणापुरताच द्या, उरलेला डबा मोजून परत घ्या.