कॉनेमाराची तळी कोणी मोजली?

माझी भाची शिक्षणासाठी आयर्लंडमधील गॉलवेला निघाली, म्हणून मावशींनी तिला एक संदेश धाडला आणि तो आता साऱ्या नातलगांत फिरतो आहे. तो सांगतो की गॉलवेच्या पश्चिमेकडील कॉनेमारा या प्रदेशाच्या दलदलीत माणूस उभाच राहू शकत नाही. मग तिथली शेकडो तळी एकोणिसाव्या शतकातील सहा इंची (एका मैलाला सहा इंच) नकाशांवर विमानाशिवाय उमटली कशी? अर्थात एखाद्या लुप्त संस्कृतीच्या नकाशावरून! शिवाय मोजणीचे तंत्र भारतातून चोरलेले आणि गावांची नावे मनाने लिहिलेली.

दलदलीचा मुद्दा सर्वांत हास्यास्पद आहे. तिथले लोक पिढ्यानपिढ्या त्याच दलदलीतून जळणासाठी पीट (कुजलेल्या वनस्पतींचा जळाऊ थर) कापून आणत आले आहेत. 1809 मध्ये नेमलेल्या बॉग (दलदल) आयोगासाठी अलेक्झांडर निमो या अभियंत्याने याच प्रदेशाची पाहणी केली आणि 1814 पर्यंत प्रसिद्ध झालेल्या आयोगाच्या अहवालांत दलदलींचे नकाशे आहेत, पातळ्या आहेत, पीटच्या थराची खोलीही आहे. उभे न राहता हे कोणी मोजले? तळे मोजायला तळ्यात उतरावे लागत नाही: काठालगतच्या टणक जमिनीवर साखळीची सरळ रेघ धरायची आणि तिच्यापासून काठाच्या प्रत्येक वळणापर्यंतचा लंब मोजून वहीत लिहायचा. ती गुंटर साखळी 66 फुटांची, आणि आपला गुंठा म्हणजे तिच्या निम्म्या लांबीचा चौरस; गुंठ्यासाठी कचेरीच्या पायऱ्या झिजवलेल्या आमच्या घराण्याने तरी या संदेशावर विश्वास ठेवायला नको होता.

नावांबाबत अर्धे सत्य आहे. पुण्याचे ‘पूना’ झाले तशी आयरिश नावे इंग्रजी वळणाने छापली गेली. पण आयर्लंडच्या सरकारी मोजणी खात्यासाठी जॉन ओ’डोनोव्हन यांनी गावोगाव फिरून, स्थानिकांना विचारून मूळ रूपे नोंदवली होती.

चोरीचा आरोप मात्र उलटा आहे. भारताच्या मोजणीतील अधिकारी लॅम्बटन यांनी मद्रासची आधाररेषा (जिच्यावरून पुढची मोजणी होते ती काटेकोर मोजलेली रेषा) 1802 मध्येच मोजली, हे मान्य. परंतु त्यांचा थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचे यंत्र, इंग्लंडहून आला होता. उष्णतेने पितळ आणि लोखंड कमीअधिक प्रसरण पावतात, या फरकाचाच उपयोग करून अचूक अंतर राखणाऱ्या, आयर्लंडच्या मोजणीचे प्रमुख कोल्बी यांच्या धातूच्या पट्ट्यांनी 1827-28 मध्ये आयर्लंडमधील लॉख फॉइलची आधाररेषा मोजली गेली. तशाच पट्ट्या घेऊन भारताच्या मोजणीचे प्रमुख जॉर्ज एव्हरेस्ट 1830 मध्ये भारतात परतले आणि त्याच पट्ट्यांनी पुढे कोलकात्याची व बिदरची आधाररेषा मोजण्यात आली.