अण्णांचा विसर्ग

आमचे अण्णा ८३ वर्षांचे आहेत आणि त्यांचे साडेपाच डॉक्टर आहेत. हृदयाचा एक, हाडांचा एक, डोळ्यांचा एक, कान-नाक-घशाचा एक, लघवीचा एक. आणि समोरच्या इमारतीतला फिजिओथेरपीच्या दुसऱ्या वर्षाचा मुलगा, तो अर्धा. अण्णा पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले, त्यामुळे प्रत्येक डॉक्टरची स्वतंत्र फाइल, तिला नाडी, वर विषय. हाडांच्या फाइलवर 'गुडघा (डावा), पत्रव्यवहार' असं लिहिलंय.

गेल्या गणपतीत आरतीला उभे राहिले आणि पहिल्याच कडव्याला टेबल धरून खाली बसले. डोळ्यांपुढे अंधारी. मग पाचही फायली घेऊन आम्ही पाच ठिकाणी फिरलो. पाचही जण म्हणाले, "माझ्या बाजूनं सगळं नॉर्मल आहे." हे वाक्य मी पूर्वी एकदा आमच्या गल्लीतल्या खड्ड्याबद्दल दोन खात्यांकडून ऐकलं होतं. दोन्ही खात्यांच्या बाजूनं सगळं नॉर्मल होतं, खड्डा मधोमध होता.

बंगळुरूहून मुलीचा फोन आला. "बाबा, आजोबांना जेरिॲट्रिशियनला दाखवा. म्हाताऱ्यांचे डॉक्टर असतात ते." मी शब्द तीनदा विचारून वहीत लिहून घेतला आणि एका मोठ्या रुग्णालयात फोन लावला.

"बॅरिॲट्रिक ना? उद्या अकराची वेळ देते. पेशंटचं वजन?"

"४७."

"एकशे सत्तेचाळीस?"

"नुसतं सत्तेचाळीस."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग काळजीच्या सुरात, "मग कमी किती करायचंय, सर?"

तो वजन उतरवणाऱ्यांचा विभाग निघाला. नाद सोडून मी सरळ मराठीत उतरलो आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकलं, 'म्हाताऱ्यांसाठी चांगला डॉक्टर कोणाला माहीत आहे का?' तासाभरात तीन वैद्य, एक मालिशवाला, एक तेल आणि दोन वृद्धाश्रमांचे पत्ते आले. 'दुसऱ्यात जेवण बरं असतं' अशी टीपही होती. संध्याकाळी कुलकर्णीकाकू वाटीभर खीर घेऊन आल्या, अण्णांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी अण्णांचं सामान बांधूनच ठेवलंय. अण्णांनी खीर खाल्ली आणि "अजून कोणी विचारलं तर नाही म्हणू नकोस" एवढंच म्हणाले.

एकाने मात्र खात्रीचा पत्ता दिला. गेलो, तर ते आमचेच जुने फॅमिली डॉक्टर निघाले. लहानपणी बाटलीला कागदाची पट्टी चिकटवून गुलाबी औषध देणारे. आता स्वतः ८१ वर्षांचे. म्हाताऱ्यांचा डॉक्टर आणि म्हातारा डॉक्टर यांतला फरक सांगणाऱ्याच्या लक्षात आला नव्हता. पाऊण तास दोघांनी एकमेकांच्या गोळ्या ताडून पाहिल्या. निघताना डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "असा कोणी सापडला तर मलाही नंबर दे."

वास्तविक हे शास्त्र काही कालचं नाही. 'जेरिॲट्रिक्स' हा इंग्रजी शब्द न्यूयॉर्कच्या इग्नाट्झ नॅशर नावाच्या डॉक्टरने १९०९ साली घडवला. आपल्याकडे तर आयुर्वेदाच्या आठ अंगांत 'जरा' म्हणजे म्हातारपण हे एक अख्खं अंग आहे. चेन्नईच्या सरकारी रुग्णालयात १९७८ पासून वृद्धांची वेगळी सेवा आहे आणि तिथल्या मद्रास मेडिकल कॉलेजात १९९६ पासून या विषयात एमडी करता येतं. हे मी अण्णांना मोठ्या उत्साहानं सांगितलं. ते म्हणाले, "मग चेन्नईचं रिझर्व्हेशन काढ." २०११ च्या जनगणनेत साठी ओलांडलेले १० कोटींच्या वर होते. त्यांतले निम्मे तरी माझ्या आधी नंबर लावून बसलेत, असं त्या महिन्यात मला वाटत होतं.

अखेर पुण्यातच एक मिळाल्या. महिन्यातला दुसरा आणि चौथा गुरुवार, दुपारी दोन ते चार. म्हणजे बरोबर अण्णांच्या झोपेची वेळ. त्यात अण्णांनी वेगळाच मुद्दा काढला.

"म्हाताऱ्यांची डॉक्टर? मग पलीकडच्या जोशाला ने."

"जोशीकाका तुमच्याहून दोन वर्षांनी लहान आहेत."

"पण दिसतो म्हातारा."

फोनवर सूचना होती, 'फायली नकोत, घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत भरून आणा.' फायली नकोत हे अण्णांना फार लागलं. त्यांनी तरी गुडघा (डावा) बरोबर घेतलीच.

डॉक्टर अण्णांच्या नातीच्या वयाच्या. त्यांनी "या आजोबा" म्हटलं, अण्णांनी "अण्णा म्हणा" अशी दुरुस्ती सुचवली. मग पिशवी टेबलावर उलटी झाली. अकरा प्रकारच्या गोळ्या. त्यांत दोन अशा, की नावं वेगळी, कंपन्या वेगळ्या, आतलं औषध तेच. अण्णा दोन्ही घेत होते, कारण दोन वेगवेगळ्या खात्यांनी मंजूर केल्या होत्या.

बाईंनी गोळ्या रांगेत लावल्या आणि बोट ठेवून विचारत गेल्या, ही आधी की ही? सहा वर्षांचा इतिहास निघाला. बीपीच्या गोळीनं पाय सुजले. बीपीची गोळी पायाला सुजवू शकते हे कोणी विचारात घेतलं नाही. दुसऱ्यानं पाणी उतरायची गोळी दिली. त्यानं रात्री चारदा उठणं आलं. झोप मोडली, म्हणून तिसऱ्यानं झोपेची दिली. सकाळी तोल जायला लागला, म्हणून चौथ्यानं चक्करची दिली. चक्करच्या गोळीनं हालचाल मंदावली, तेव्हा अर्धा डॉक्टर घरी येऊन व्यायाम दाखवून गेला.

मला हे समजायला दोनदा ऐकावं लागलं. अण्णा मात्र खुर्चीत ताठ बसले.

"म्हणजे पानशेत, वरसगाव, टेमघर, तिन्ही धरणांचं पाणी शेवटी खडकवासल्यातच येतं! वरचा प्रत्येक जण आपापला विसर्ग सोडतोय आणि बुडतोय भिडे पूल!"

"अगदी तसंच," बाई म्हणाल्या. त्या पुण्याच्याच असाव्यात.

नंतर अण्णांना आडवं करून बीपी घेतलं, १३८. उभं करून घेतलं, ११२. आरतीतली अंधारी ती हीच. सहा वर्षांत अण्णांचं बीपी उभं राहून घेतलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. खुर्चीतून उठून तीन मीटर चाला, वळा, परत बसा. बाईंच्या हातात घड्याळ. कागदावर घड्याळ काढा, त्यात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा. "सकाळचे की रात्रीचे?" अण्णांनी विचारलं. त्याआधी बाईंनी तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले होते. घड्याळ झाल्यावर अण्णा धडाधड म्हणाले, "पेरू, छत्री, स्टेशन." मला फक्त पेरू आठवत होता, पण परीक्षा माझी नव्हती.

अकरातल्या आठ गोळ्या राहिल्या. बीपीची बदलली. दोन सारख्यांतली एक गेली, पाण्याची गेली, चक्करची गेली. झोपेची एकदम नाही, थोडी थोडी कमी करत. "दरवाजे टप्प्याटप्प्यानं बंद," अण्णांनी स्वतःला समजावलं. शिवाय झोपेतून उठल्यावर ताडकन उभं राहायचं नाही, पलंगाच्या कडेला पाय सोडून दोन मिनिटं बसायचं.

रिक्षात बसल्यावर मात्र त्यांचा चेहरा उतरला. "पैसे घेतले आणि गोळ्या काढून घेतल्या? खात्यात असतो तर ऑडिटचा शेरा आला असता." घरी आल्यावर आठवड्याच्या गोळ्यांच्या डबीकडे ते बराच वेळ बघत राहिले. इतक्या वर्षांत मंजूर झालेली पदं एका दुपारी रद्द. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर रिकाम्या झालेल्या खणांत लवंगा, खडीसाखर आणि बडीशेप. वारांप्रमाणे.

पायाची सूज उतरली. रात्री चारचं एकावर आलं. पुढची तारीख सहा आठवड्यांनी आहे आणि अण्णांची तयारी जोरात चालू आहे. रोज सकाळी पलंगाच्या कडेला, उघड्या खिडकीपाशी, पाय सोडून दोन मिनिटं खणखणीत आवाजात घोकतात, "पेरू, छत्री, स्टेशन. पेरू, छत्री, स्टेशन." पुढच्या वेळी शब्द बदलतील हे सांगायचा मला धीर होत नाही.

परवा जोशीकाकांनी मला फाटकापाशी गाठलं. इकडेतिकडे पाहून हळूच विचारलं, "अरे, अण्णांना नेमकं कुठं पाठवताय? रोज पहाटे पेरू नि छत्री घेऊन स्टेशनवर जायचं म्हणतात."